‘इनडोअर’ नांदरुक आणि रोजचे दोन चमचे पाणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हल्ली वाढदिवस, गृहप्रवेश, निवृत्ती अशा निमित्तांनी बोन्साय भेट द्यायची पद्धत पडली आहे. शाल-श्रीफळापेक्षा बरंच. तक्रार आहे ती त्या झाडासोबत येणाऱ्या कार्डाबद्दल.

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले तेव्हा मुलीने मला असंच एक झाड आणून दिलं. वीतभर उंची, मातीवर आलेली रताळ्यासारखी फुगीर मुळं, वर चकचकीत पानांची टोपी. कार्डावर छापलेलं: ‘इनडोअर बोन्साय. रोज दोन चमचे पाणी.’ झाडाचं नाव कुठेच नाही. मी ते टीव्हीशेजारी ठेवलं आणि रोज पूजा आटोपली की चहाच्या चमच्याने मोजून पाणी घालू लागले. पंधरा दिवसांत पानं गळायला लागली. चांगली हिरवीगार पानं, हात लागला की टपकन खाली. मला वाटलं, तहानलंय बिचारं. दोनाचे चार चमचे झाले, मग वाटी. दीड महिन्याने बुंधा दाबून पाहिला तर पिकलेल्या चिकूसारखा मऊ! शेजारच्या काकू म्हणाल्या, “गेलं ते बरंच झालं. खुरटवलेलं झाड घरात ठेवू नये.” वास्तुशास्त्रात असेलही तसं काही. माझं झाड मात्र मीच पाणी पाजून मारलं होतं.

कुंडी उपडी केली. वरचे पांढरे खडे गोंदाने चिकटवलेले होते, ते चिक्कीच्या वडीसारखे सलग निघाले. खाली चिकट लाल मातीचा गच्च गोळा, त्याला नासका वास. तळाला भोक होतं, पण मातीने लिंपून गेलेलं. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, ती तिथे शिरणार कुठून?

पुढच्या जानेवारीत बहिणीकडे पुण्याला गेले होते. एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात बोन्सायच्या मांडवात उभ्या असलेल्या एका बाईंना मोबाइलमधला फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, “अहो, हे नांदरुक!” मला हसूच आलं. कारण आमच्या इमारतीच्या मागच्या सांडपाण्याच्या पाइपाला, तिसऱ्या मजल्यावर, नांदरुकच उगवलं आहे. कुठल्या तरी पाखराने टाकलेल्या बीचं. सोसायटी दर वर्षी माणूस बोलावून ते तोडते, एकदा ॲसिडही ओतून झालं, तरी ते पुन्हा फुटतं. त्याला कोणी चमच्याने पाणी पाजत नाही. दिवसभर ऊन मात्र भरपूर मिळतं.

वड, पिंपळ, उंबर यांच्याच गोतावळ्यातलं हे रस्त्याकडेचं झाड. फायकस मायक्रोकार्पा हे त्याचं शास्त्रीय नाव. ‘इनडोअर’ हे विकणाऱ्याने ठरवलेलं, झाडाला कोणी विचारलेलं नाही. मोबाइलवर उजेड मोजायचं ॲप घेऊन पाहिलं: टीव्हीशेजारी दीडशे लक्स, पूर्वेच्या खिडकीच्या कट्ट्यावर सकाळी नऊला दहा हजारांच्या वर. आपल्या डोळ्यांना दोन्ही जागा उजेडाच्याच वाटतात, तिथे फसगत होते. इटलीत मिलानजवळ पाराबियागो इथल्या क्रेस्पी बोन्साय संग्रहालयात याच जातकुळीतलं एक जुनं फायकस आहे, हजार वर्षांचं असल्याचं सांगतात. तेही छपराखालीच आहे, पण ते छप्पर काचेचं.

दुसरं रोप मी स्वतः आणलं, त्याला आता तीन वर्षं झाली. पाऊस लागल्यावर जूनमध्ये माती बदलली. विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे, जाड रेती, थोडं गांडूळखत. बारीक धूळ चाळून काढून टाकली. लहान रोप लगेच पसरट ट्रेमध्ये घालायचा मोह आवरला. खोड जाड व्हायला हवं असेल तर आधी मुळांना जरा ऐसपैस जागा हवी. पाण्यासाठी संपलेल्या अगरबत्तीची काडी कुंडीत खोचून ठेवते. दहा मिनिटांनी काढली आणि ओलसर निघाली तर त्या दिवशी पाणी नाही. कोरडी निघाली तर कुंडी टोपात, मातीवर पाणी येईल इतकी बुडवायची. आतून बुडबुडे येतात, ते थांबले की काढून निथळत ठेवायची. मे महिन्यात हे रोज होतं, भर पावसाळ्यात चार-चार दिवस होत नाही. ‘रोज’ हा शब्दच कार्डावर नको होता.

जागा बदलली की नांदरुक पानं टाकतंच. त्या वेळी घाबरून पाणी वाढवायचं नाही, हे मला एक झाड घालवून कळलं. फांदीला सहा-सात पानं आली की दोन ठेवून छाटते. पांढरा चीक येतो, तो ओल्या फडक्याने टिपायचा आणि हात धुवायचे. पिठ्या ढेकूण, म्हणजे कापसासारखी पांढरी कीड, एकदा झाला होता, कापसाच्या बोळ्याने पुसून काढला. मोहरीची पेंड भिजवून खत म्हणून घालण्याचा प्रयोग मात्र घरात एकदाच झाला. वासाने आमच्या ह्यांनी दोन दिवस गॅलरीत जेवण केलं.

विक्रेत्यांकडे मागणं फार मोठं नाही. कार्डावर झाडाचं नाव घाला, मराठीत. खिडकीपासून किती अंतरावर चालेल ते सांगा. गोंदाने खडे चिकटवू नका आणि कुंडीचं भोक मोकळं आहे ना, एवढं बघून द्या. तीनशे-चारशे रुपये देऊन कोणी ते मारायला नेत नाही.

पाइपावरचं नांदरुक यंदा पुन्हा हातभर वाढलं आहे. ॲसिड न ओतता मुळासकट सोडवून मला आणून द्या, असं मी सेक्रेटरींना सांगून ठेवलं आहे. विटांचे तुकडे चाळून तयार आहेत.

एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, डोंबिवली (पूर्व)