सायलीला इकडे यायचं असेल तर

न्यू जर्सी

तीर्थरूप बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

मामाच्या सायलीला बी.फार्म. करून इकडे यायचंय, असं तुम्ही म्हणालात. फोनवर सगळं सुचत नाही, म्हणून लिहिते.

आपली चार वर्षांची बी.फार्म. इथे फार्मासिस्ट व्हायला पुरत नाही. 2003 पासून पुढच्या परदेशी पदवीधरांना इथल्या पात्रता परीक्षेला बसायलाच किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. म्हणून माझ्यासारख्या कितीतरी जणी टेक्निशियन, म्हणजे फार्मासिस्टच्या हाताखालच्या मदतनीस, आहेत. कुठलं औषध कशाबरोबर चालत नाही हे कळत असतं, पण पेशंटला सल्ला द्यायचा नाही, फार्मासिस्टला हाक मारायची. ते मला फार लागतं.

इथे स्ट्रिप क्वचितच. मोठ्या डब्यातून गोळ्या ट्रेवर ओतून पाच-पाच मोजायच्या आणि नारिंगी बाटलीत भरायच्या. मोजताना फोन वाजतो, ड्राइव्ह-थ्रूला गाडी थांबलेली असते, इन्शुरन्सने क्लेम नाकारलेला असतो. जानेवारी तर नको वाटतो. नवीन वर्षाचं डिडक्टिबल, म्हणजे इन्शुरन्सने पैसे द्यायच्या आधी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम, सुरू होतं, डिसेंबरात स्वस्तात मिळालेल्या औषधाची किंमत एकदम चढते, आणि माणूस आमच्यावर ओरडतो. त्याचाही काय दोष? औषध न घेताच परत जाणारे पाहिले की जीव तुटतो. कोविडपासून लशी टोचायचं कामही आमच्याकडे आलं, माणसं मात्र वाढली नाहीत.

पगार देशभरात साधारण तासाला वीस-एकवीस डॉलर. इथल्या घरभाड्यापुढे तो काहीच नाही. पाय दुखतात ते सोसतं, पण घाईत मोजलेली गोळी कुणाच्या तरी पोटात जाणार, ही धास्ती सोसत नाही. 2023 मध्ये कॅन्सस सिटीत सीव्हीएस या औषध दुकानांच्या साखळीचे फार्मासिस्ट आणि पुढच्याच महिन्यात ठिकठिकाणी वॉलग्रीन्स या दुसऱ्या साखळीची मंडळी काम सोडून बाहेर पडली, ती मुख्यतः अपुऱ्या माणसांमुळेच. मला त्यांचं शंभर टक्के पटलं. कॅलिफोर्नियाने तर साखळी दुकानांत मदतीला किमान किती माणसं हवीत याचा कायदाच केला.

सायली हुशार आहे. यायचंच असेल तर तिने सहा वर्षांच्या फार्म.डी.चा (डॉक्टर ऑफ फार्मसी) विचार करावा. फी जास्त आहे, पण मामाशी एकदा बोलून बघा. पुढच्या परीक्षांची माहिती मी तिला समजावून सांगेन.

आणि बाबा, आपल्या मेडिकलमध्ये दिवसभर उभा असणाऱ्या गणेशला एक स्टूल घेऊन द्या. जेवायला त्याला रोज वेळेवर सोडा.

आईला नमस्कार.

तुमची,
मेघा