दिल्ली ते लेह, फक्त सव्वा तास?

प्रिय विन्या,

तुझा मेसेज वाचला. दिल्ली ते लेह अंतर किती आणि विमानाला वेळ किती, एवढंच विचारलंयस, पण काकूंना घेऊन चाललायस म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नकाशा उघड. दोन्ही शहरं जवळपास एकाच रेखांशावर आहेत, ७७ च्या आसपास, म्हणजे दिल्लीवर पट्टी ठेवून सरळ वर रेघ मारली की लेह. हवाई अंतर साधारण ६२० किलोमीटर. रस्त्याने मनालीवरून हेच हजाराच्या घरात जातं, श्रीनगर-कारगिलवरून तर अजून जास्त. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला, त्याने ४६ किलोमीटर वाचले, पण पुढच्या बारालाचा ला आणि तांगलांग ला या उंच खिंडी आहेतच ना. काकूंना गाडीने नेऊ नकोस, विषय संपला.

आता वेळ. ताशी ८०० ने धरलं तर पाऊण तासात पोचायला हवं, आणि तिकिटावर सव्वा ते दीड तास लिहिलेलं असतं. म्हणजे फसवतात असं नाही रे, गेटवरून विमान हललं तिथपासून ते पार्किंगला लागेपर्यंतचा वेळ धरतात, आणि दिल्लीत रनवेपर्यंत जातानाच विमान इतकं रांगतं की वाटतं रस्त्यानेच नेतायत. शेवटी सिंधूच्या खोऱ्यात दोन्ही बाजूंना तपकिरी डोंगर ठेवून ते उतरतं, तिथे घाई चालत नाही. फ्लाइट सकाळचीच घे, दुपारी तिकडे वारा सुटतो आणि हवा तापून आणखी विरळ होते.

एक गंमत सांगतो. माझ्याकडे वेफर्सचं पाकीट होतं, वर गेल्यावर फुगलं, ठीक आहे, पण उतरताना बसायला हवं होतं ते अजूनच टम्म झालं! नंतर डोक्यात प्रकाश पडला. केबिनमधला दाब फार तर २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढाच कमी होऊ देतात आणि लेहचा विमानतळ आहे ३,२५६ मीटरवर, म्हणजे विमान खाली चाललंय आणि आतली हवा मात्र वर चढल्यासारखी आणखी विरळ होतेय.

पाकिटाचं झालं तेच आपलं होतं. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच, आणि शरीराला सवय करायला मिळालेला वेळ सव्वा तास. मी पहिल्या दिवशी शहाणपणा करून बॅग उचलून दोन जिने चढलो आणि मधेच पायरीवर बसलो, संध्याकाळपर्यंत डोकं ठणकत होतं. म्हणून तुझा दुसऱ्याच दिवशी पँगाँग हा प्लॅन मला अजिबात पटलेला नाही, ते सरोवर लेहपेक्षा आणखी हजारभर मीटर वर आहे. पहिले दोन दिवस नुसतं पडून राहा, पाणी पीत राहा, आणि काकूंचं बीपी वगैरे निघायच्या आधीच डॉक्टरांना दाखव.

आणि हो, परतीला दिल्लीहून पुढची फ्लाइट त्याच दिवशी ठेवू नकोस. आमचं विमान ढगांमुळे रद्द झालं, पुढचं तिकीट वेगळं काढलेलं, पैसे गेले ते गेलेच.

नवीन प्लॅन झाला की पाठव, त्यात पँगाँग चौथ्या दिवसाच्या आत दिसलं तर मी थेट काकूंनाच फोन लावणार आहे.

तुझाच,
बंड्या