आई, लेबलवर नाव तुझंच टाक

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, चटणीच्या लेबलचा फोटो मिळाला, सिद्धेश्वराच्या तळ्याचं चित्र तर एकदम भारी, पण खाली प्रोप्रायटर म्हणून तुमचं नाव का हो? शेंगा भाजते आई, उखळात कुटते आई, लसूण किती नि तिखट किती तेही तिलाच माहीत. तुम्ही म्हणणार घरातलंच आहे, कुणाचं का असेना. म्हणून तर एवढं लिहायला बसले.

मार्गारेट नाइट नावाची एक अमेरिकन बाई होती, तुम्हाला आवडेलच कारण ती पण मागाजवळच वाढलेली. लहानपणीच कापडगिरणीत कामाला लागली, 12 वर्षांची असताना मागावरचा धोटा (आडवा धागा नेणारा टोकदार तुकडा) उडून एकाला लागलेला बघितला आणि पोरीने तो अडवायची युक्तीच काढली, पण त्याचं पेटंट घ्यायचं वगैरे कोण सांगणार तिला! पुढे कागदी पिशव्यांच्या कंपनीत लागली, तिथे मशीनवर नुसत्या पाकिटासारख्या पिशव्या निघायच्या, सपाट बुडाची हवी तर हाताने करा. हिने घडी घालून चिकटवणारं मशीनच बनवलं. लोखंडी मॉडेल करायला वर्कशॉपमध्ये दिलं तर चार्ल्स ॲनन नावाच्या माणसाने ते तिथे बघून ठेवलं आणि पेटंट घ्यायला स्वतःच पुढे! बाईला मशीनमधलं काय कळतं असंही तो म्हणाला, असं सांगतात. मग हिने आपली ड्रॉइंग्ज, साक्षीदार सगळं उभं केलं आणि केस जिंकली, 1871 ला पेटंट तिच्या नावावर झालं. ड्रॉइंग्ज होती म्हणून, नुसतं 'मी केलंय' म्हणून कोणी ऐकलं नसतं. बाबा तुम्ही काही ॲनन नाही हो, चिडू नका :) पण उद्या दुकानवाला असो की बँकवाला, कागदच बघणार ना.

आई, तू म्हणशील माझं कसलं मशीन, चटणी तर घरोघरी होते. अगं पापड पण घरोघरीच होत होते. 1959 ला गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, तेच आपलं लिज्जत. तिथे लाटणारी बाईच मालकीण असते. त्या सातांमधल्या जसवंतीबेन पोपट यांना 2021 ला पद्मश्री मिळाली.

तर प्रेसवाल्याला थांबवा. उद्यमची, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी फुकट होते, फॉर्म मी इथून भरते, आईचं आधार आणि पॅन तेवढं पाठवा. आणि यावेळी लसूण थोडा जास्त चालेल, ऑफिसात सगळे मागतायत.

तुमची,
ताई