कॅन्सर गेला, मग हे का सोसायचं?

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा पाऊसपाण्याचं विचारू लागतात आणि आईला गॅसवरचं दूध आठवतं. म्हणून लिहायला बसले.

बाबा, प्रोस्टेटच्या ऑपरेशनला वर्ष उलटून गेलं. पीएसए, म्हणजे कॅन्सर परतला का हे कळण्यासाठीची रक्ततपासणी, उत्तम आहे. ‘जीव वाचला, आता एवढं चालायचंच,’ असं तुम्ही म्हणता, ते मला मुळीच पटत नाही. खोकलात, खुर्चीतून उठलात, नातीला उचललंत की लघवी गळते, म्हणून तुम्ही भजनाला जाणं सोडलंत आणि पाणी पिणं कमी केलंत. पाणी तोडू नका. लघवी दाट झाली की मूत्राशयाला उलट जास्त त्रास होतो.

याचा वयाशी फारसा संबंध नाही. प्रोस्टेट काढताना मूत्राशयाच्या तोंडाशी लघवी धरून ठेवणारा भाग जातो आणि सगळा भार खालच्या एका स्नायूवर येतो. बऱ्याच जणांचं सहा-बारा महिन्यांत ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामाने सुधारतं. तुम्ही व्यायाम नेमाने केलात, तरी थांबलं नाही. मग पुढचा उपाय करायचा.

त्याला स्लिंग म्हणतात. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या डॉक्टरांनी २००७ साली मांडलेली एक पद्धत सांगते. पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकच्या जाळीची पट्टी असते. अंडकोशाच्या मागे एक छेद आणि दोन्ही जांघांत एकेक बारीक छेद घेतात. पट्टी मूत्रनळीखालून नेऊन ताणली की नळी किंचित वर-आत सरकते आणि त्या स्नायूची पकड नीट बसते. कृत्रिम झडपही बसवतात, पण तिचा पंप अंडकोशात असतो आणि दर वेळी लघवीला जाताना तो दाबावा लागतो. तुमची बोटं संधिवाताने आखडतात. स्लिंगमध्ये दाबायचं काहीच नसतं. मात्र गळणं फार असेल किंवा रेडिएशन झालेलं असेल तर सहसा झडपच सुचवतात. तुम्हाला रेडिएशन दिलेलं नाही, म्हणून मला आशा वाटते.

पूर्ण कोरडं होण्याची हमी कोणी देणार नाही. ब्रिटनमध्ये ३८० पुरुषांवर स्लिंग आणि झडप यांची तुलना झाली. वर्षभराने दोन्हीकडच्या बहुतेकांना थोडंफार गळत होतं, पण त्रास खूप कमी झाला होता. भजनात तासभर निवांत बसता आलं तरी मला पुष्कळ आहे. ऑपरेशननंतर काही दिवस लघवी अडू शकते, बसताना दुखतं, क्वचित जंतुसंसर्ग होतो किंवा पट्टी नळीत रुतते. हे सगळं युरॉलॉजिस्टना, म्हणजे मूत्रविकारांच्या डॉक्टरांना, मोकळेपणाने विचारू.

आई, तुझ्याकडे एक काम. एका दिवसाचे पॅड स्वयंपाकघरातल्या नको, वेगळ्या काट्यावर वजन करून ठेव, आधी कोरडे आणि मग वापरलेले. जितके ग्रॅम वाढले, साधारण तितके मिलीलिटर गळलं. गळणं किती आहे हे ठरवायला डॉक्टरांना त्याचा खूप उपयोग होतो. आणि शेजारी कोणी विचारलं तर लपवत बसू नकोस, ऑपरेशन आहे म्हणून सांग.

नंतर साधारण सहा आठवडे उकिडवं बसायचं नाही, जड उचलायचं नाही. आपल्या घरी कमोड नाही, तेव्हा ते दिवस दोघांनी माझ्याकडेच राहायचं. बाबा, निर्णय तुमचाच. तपासणीची वेळ घेऊ का, तेवढं कळवा.

तुमची लेक