दोऱ्याचं माप

ठाणे, १६ डिसेंबर

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "पोरगी झाली आणि मी समुद्रात. मी कसला बाप?" पुढे लाइन तुटली, म्हणून लिहायला बसले. मुंद्र्याला जहाज लागलं की एजंट हे पत्र तुझ्या हाती देईल.

गेल्या महिन्यात आजीच्या हयातीच्या दाखल्यासाठी नानांची काळी ट्रंक उघडली. कागद अजून त्यांच्याच हातचे लावलेले. जवानाचं लग्न झालं, मूल झालं, की पलटणीत पार्ट टू ऑर्डर निघते. ती नोंद करायची राहून गेली तर माणूस गेल्यावर फॅमिली पेन्शनसाठी बायकोला वर्षानुवर्षं हेलपाटे घालावे लागतात. नानांनी एकही नोंद राहू दिली नव्हती. माझ्या जन्माची नोंदही होती, १९७८ ची. तेव्हा ते सिक्कीममध्ये, नथुलाच्या बाजूला होते. मी सात महिन्यांची झाले तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं.

आईला ते कुठे आहेत हेही कळायचं नाही. पाकिटावर नंबर, पलटण आणि 'मार्फत ९९ एपीओ', म्हणजे लष्कराचं टपाल ऑफिस, बस्स. ती त्या ९९ लाच गावाचं नाव समजायची.

नाना १९६९ साली बेळगावला भरती झाले, मराठा लाइट इन्फंट्रीच्या जंगी पलटणीत. एकाहत्तरच्या लढाईत पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आताच्या बांगलादेशातल्या, जमालपूरला होते. शरण या म्हणून पाठवलेल्या चिठ्ठीला तिथल्या पाकिस्तानी कर्नलने उत्तरात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली, ही गोष्ट पुष्कळ ठिकाणी छापून आलेली आहे. नाना ती कधी सांगत नसत. १० डिसेंबरच्या रात्री वेढ्यातली फौज टांगाईलच्या रस्त्याने निसटायला बघत होती आणि त्या रस्त्यावर यांची पलटण बसली होती. त्या रात्रीबद्दल ते "लई आवाज होता" एवढंच म्हणत. बोलायचे ते पहाटेबद्दल. एका जखमी कैद्याला पाणी पाजताना यांनी विचारलं, "बच्चे कितने?" त्याने दोन बोटं वर केली. नाना तेव्हा वीस वर्षांचे, लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. ती दोन बोटं त्यांनी मला कितीदा तरी करून दाखवली असतील. त्या लढाईची 'पूर्वी स्टार' आणि 'संग्राम मेडल' ही पदकं मात्र सोळा डिसेंबरलाच, विजय दिवसाला, बाहेर निघायची. आज सकाळी आजीने पुसून ठेवलीत.

तुझ्यापासून काय लपवू, त्यांच्या नसण्याचा मला त्रास झाला. १९९३ ला पेन्शनवर आले आणि काका वागळे इस्टेटमध्ये होते म्हणून आम्ही साताऱ्याहून किसननगरात आलो. मी पंधरा वर्षांची. दोन खोल्यांत एक परका पुरुष पहाटे चारला उठून बूट पॉलिश करतोय असं वाटायचं. मी त्यांच्याशी नीट बोलतच नसे. ते एका कंपनीच्या गेटवर रात्रपाळी करायचे आणि सकाळी न झोपता मला शाळेपर्यंत सोडायला यायचे, दहा पावलं मागून. माझ्या मैत्रिणींना कळू नये म्हणून. वर्षभर असं चाललं. मग एका रविवारी मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर शेंगा खाताना मीच विचारलं, "नाना, मी झाले तेव्हा तुम्हाला कळलं कधी?"

"तार अकराव्या दिवशी आली," म्हणाले. "मग तुझ्या आईला लिहिलं, पोरीच्या पावलाचं माप दोऱ्याने घेऊन पाठव."

ते अंतर्देशीय पत्र आता ट्रंकेत सापडलंय, आणि बोटभर लांबीचा लाल दोराही. त्या मापाने त्यांनी गंगटोकच्या बाजारातून बूट घेतले. सुट्टीवर येईपर्यंत माझे पाय वाढलेले, बूट चढलेच नाहीत. आईने रुसून ते ट्रंकेत टाकले, तेव्हापासून तिथेच आहेत.

काल मी दवाखान्यात जाताना तो दोरा घेऊन गेले. तुझ्या लेकीचं पाऊल त्याच्याहून थोडं लहान आहे. बूट उन्हात ठेवलेत. तू मार्चमध्ये येशील तोवर बहुतेक बसतील, पण मी घालणार नाही. तू आल्यावर तूच घाल.

तुझी,
आई