चुका राहिल्या नाहीत, ठेवल्या आहेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका पालकांचे पत्र वाचले. त्यांनी सातवीतल्या मुलाची इंग्रजीची वही उघडली तेव्हा एका पानावर त्यांना ११ चुका सापडल्या. त्यातल्या तीनच चुकांभोवती बाईंनी लाल गोल काढले होते आणि खाली सही ठोकली होती. ‘मग शिक्षक तपासतात तरी काय?’ असा त्यांचा सवाल आहे. ते माझ्या शाळेचे पालक असतील असे वाटत नाही, पण ती वही माझ्या हातून गेलेली असू शकली असती. मी २२ वर्षे सहावी, सातवी आणि आठवीला इंग्रजी शिकवते आहे, आणि ११ पैकी आठ चुका सोडून देणाऱ्या बायांपैकी मी एक आहे.

आधी हिशेब मांडते, म्हणजे तो विषय संपेल. तीन वर्ग, मिळून १३४ वह्या. एका पानाला दोन मिनिटे धरली तरी २६८ मिनिटे होतात, म्हणजे साडेचार तासांना दोन मिनिटे कमी. हे एका गृहपाठाचे झाले. दिवसातून एखादा ऑफ तास मिळतो, आणि तोही दुसऱ्या कुणाच्या तरी गैरहजेरीत जातो. बाकी वह्या पिशवीतून घरी जातात.

पण वेळ नाही म्हणून चुका सोडते असे म्हटले तर ते अर्धेच खरे. पहिली सहा वर्षे मी एकही चूक सोडत नव्हते. रात्री जागून तपासायची. लाल पेनाची रिफील महिनाभर पुरत नसे आणि मला त्याचा अभिमान होता. तेव्हा सहावीत एक मुलगी होती. वर्षाच्या सुरुवातीला ‘माझ्या खिडकीतून काय दिसते’ या विषयावर तिने दीड पान लिहिले होते. त्यात एक भिंत होती, भिंतीवर चढणारे मांजर होते, मांजरावर ओरडणारा म्हातारा होता. वाक्यावाक्याला चूक होती, पण सगळे दिसत होते. मी ३० ठिकाणी लाल केले आणि ‘सुधारणा आवश्यक’ असा शेरा मारला. सहामाहीपर्यंत तिची पाने आखडत आखडत चार ओळींवर आली. ‘इट इज अ वॉल. इट इज बिग.’ चूक एकही नाही. मी तिला बोलावून विचारले, इतके कमी का लिहितेस गं? ती अगदी सरळपणे म्हणाली, “बाई, छोटं लिहिलं की लाल कमी येतं.”

त्या रात्री मी वह्या तपासल्या नाहीत. तशाच परत नेल्या.

आता माझी पद्धत अशी आहे. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकोन आखलेला असतो आणि त्यात त्या पंधरवड्याची चूक लिहिलेली असते. ती एकच. तिला गोल पडणार हे वर्गाला आधीच ठाऊक असते. दुसरा गोल पडतो तो अर्थ उलटापालटा करणाऱ्या चुकीला. एकाने लिहिले होते, ‘ऑन संडे आय ॲम बोअरिंग.’ त्याला म्हणायचे होते की रविवारी मला कंटाळा येतो. लिहिले गेले ते, रविवारी मी कंटाळवाणा असतो. अशी चूक सोडून चालत नाही. बाकीच्या चुका मी वाचते, माझ्या डायरीत टिपते आणि वहीत तशाच ठेवते, कारण त्यांचा पंधरवडा अजून यायचा असतो. समासात मात्र एक प्रश्न लिहिते: मांजर नंतर कुठे गेले? म्हातारा कुणावर जास्त ओरडतो? मुले गोल बघायच्या आधी तो प्रश्न शोधतात. काही जण खाली उत्तरही लिहून आणतात, न सांगता. ते मी कधीच तपासत नाही.

तास ३५ मिनिटांचा. मागच्या तासाचा फळा पुसून वर्ग जागेवर बसेपर्यंत त्यातली चार गेलेली असतात. सोमवारी १० शब्दांचे डिक्टेशन, बुधवारी अर्धे पान स्वतःचे लेखन, शुक्रवारी मोठ्याने वाचन. मधले दिवस धडा, प्रश्नोत्तरे, रिकाम्या जागा भरा. त्याबद्दल विशेष सांगण्यासारखे काही नाही. ते सगळीकडे सारखेच चालते आणि सारखेच विसरले जाते.

डिक्टेशनबद्दल मात्र सांगायला हवे. मराठीत ‘वेस्ट’ लिहून पाहा. त्या एका अक्षरजोडीत पश्चिम दिशा आहे, बनियन आहे, कचरा आहे आणि कंबरही आहे. इंग्रजीत हे चार वेगळे शब्द आहेत. आपल्याकडे ‘व’ एकच. इंग्रजीत एक व्ही, त्याला वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे, आणि एक डब्ल्यू, त्याला ओठांचा चंबू करायचा. हे शिकवताना सगळा वर्ग एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतो आणि पाच मिनिटे निव्वळ हसण्यात जातात. जाऊ देत. ज्याने शेजाऱ्याचे दात बघितले तो ‘व्हेस्ट’ला पुन्हा डब्ल्यू लावत नाही. निदान महिनाभर तरी.

आता त्या सोडलेल्या चुकांकडे येते. पालकांना चूक म्हणजे दुर्लक्ष वाटते: मुलाने लक्ष दिले नाही, मग बाईंनीही दिले नाही. पण बऱ्याच चुका लक्ष दिल्यामुळेच होतात. ‘आय डिड नॉट वेन्ट’ हे वाक्य घ्या. दर वर्षी, दर वर्गात, निम्म्या वह्यांत हे असते. मराठीत आपण ‘मी गेलो नाही’ म्हणतो; भूतकाळ ‘गेलो’त असतो आणि नकार आला तरी तो तिथून हलत नाही. मूल तोच नियम प्रामाणिकपणे इंग्रजीत नेते. इंग्रजीत मात्र नकाराला ‘डिड’ लागतो, तो भूतकाळ स्वतःकडे घेतो आणि ‘वेन्ट’ला परत ‘गो’ व्हावे लागते. आमच्या वर्गात याची घोषणाच झाली आहे: ‘डिड आला, वेन्ट गेला!’ ती मी केलेली नाही, मागच्या बाकावरून आली. त्या पंधरवड्यात ही एकच चूक लाल होते, आणि पुढच्या पंधरवड्यात ती निम्म्याहून कमी वह्यांत उरते. ११ चुका एकदम लाल केल्या असत्या तर मुलाने फक्त लाल रंग पाहिला असता.

दुसरी चूक ‘गो’ला सरळ ‘ईडी’ लावण्याची. ‘वॉक’चे वॉक्ड, ‘जम्प’चे जम्प्ड, तर ‘गो’चे ‘गो-ड’ का नाही? इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे ती मुलेही लहानपणी हेच करतात. आधी ऐकून ऐकून ‘वेन्ट’ बरोबर म्हणतात, मग नियम उमगला की काही काळ ‘गो-ड’ म्हणू लागतात, आणि पुन्हा ‘वेन्ट’वर येतात. म्हणजे मधली चूक हे नियम सापडल्याचे चिन्ह आहे. खरे सांगू, मला ही चूक नावाप्रमाणेच वाटते.

स्पेलिंगच्या बाबतीत तर मी आणखीच ढिली आहे, आणि त्याला इंग्रजी जबाबदार आहे. सुरीला ‘क्नाइफ’ म्हणणाऱ्या मुलाला वर्ग हसतो. मी त्या वर्गाला सांगते की हा ६०० वर्षांपूर्वी इंग्लंडात असता तर बरोबर ठरला असता. तेव्हा तो ‘के’ उच्चारला जात होता. विल्यम कॅक्स्टनने तिथे छापखाना काढला १४७६ मध्ये. त्यानंतर शब्दांची लेखी रूपे हळूहळू घट्ट होत गेली, बोलणे मात्र पुढे सरकत राहिले. आणि ‘डेट’, म्हणजे कर्ज, त्यातला मुका ‘बी’? मूळ इंग्रजी शब्दात तो नव्हताच. विद्वानांना लॅटिन शब्द आठवला, त्यात ‘बी’ होता, म्हणून त्यांनी तो इंग्रजीतही घातला. ‘आयलंड’मधला ‘एस’ तर चुकीच्या नात्यापोटी आला. तसाच दिसणारा, त्याच अर्थाचा दुसरा शब्द होता, त्यात ‘एस’ होता, म्हणून यालाही चिकटवला. थोडक्यात, दुरुस्ती करणाऱ्यांनी घातलेल्या चुका आज आम्ही डिक्टेशनमध्ये विचारतो आणि न जमल्या तर मार्क कापतो. हे ऐकल्यावर एकाने हात वर करून विचारले, “बाई, मग त्यांना कुणी गोल केला नाही?”

उलट मला काळजी वाटते ती चूक नसलेल्या वह्यांची. पूर्वी गाईडमधला निबंध यायचा. ४० वह्यांत ४० आया एकाच वेळी उठायच्या, एकसारख्याच प्रेमळ असायच्या आणि सगळ्यांचा आवडता रंग एकच असायचा. आता फोनवरून येतो. मागच्या महिन्यात एका मुलाने ‘माझा मित्र’वर सुरेख पान आणले. त्यात दुसऱ्या परिच्छेदाची सुरुवात ‘फर्दरमोर’ने होती. मी म्हटले, छान आहे, वाचून दाखव. तो ‘फर्द’पाशी अडकला, मग माझ्याकडे बघून हसला आणि मीही हसले. रागवायचे काय त्यात? त्याने वर्षानुवर्षे हेच पाहिले आहे की कोरे करकरीत पान घरी कौतुकाचे ठरते आणि खरडलेले पान बोलण्याचे. मी त्याला तिथेच बसवून पाच वाक्ये लिहायला लावली. ‘माय फ्रेंड इज रनिंग फास्ट बट हिज शू इज ओपनिंग.’ बूट निसटणारा तो मित्र मला लगेच दिसला. ‘फर्दरमोर’वाला दिसला नव्हता. तेव्हापासून स्वतःचे लेखन मी घरी देतच नाही, वर्गातच १२ मिनिटांत लिहून घेते.

पत्रलेखक पालकांना एक विनंती आहे. वही उघडून चुका मोजण्याऐवजी मुलाला ते पान मोठ्याने वाचायला सांगा. इंग्रजी येत नसले तरी चालेल. वाचता वाचता ते कुठे थांबते ते बघा. जिथे थांबते तिथे बहुधा त्याला स्वतःलाच काहीतरी खटकलेले असते, आणि त्याने तिथेच पेन्सिल उचलली तर ती दुरुस्ती माझ्या दहा गोलांपेक्षा जास्त टिकते. आणि कृपा करून वही शाळेत यायच्या आधी घरी खोडरबर फिरवू नका. खोडलेल्या जागी मोठ्या माणसाचे अक्षर आम्हाला ओळखू येते. त्याहून वाईट म्हणजे मला ज्या चुकीचा पंधरवडा ठरवायचा असतो तीच नाहीशी झालेली असते. तापमापक पुसून डॉक्टरकडे पाठवल्यासारखे होते ते.

हे सगळे सगळ्यांना पटेल असे नाही. आमच्या स्टाफरूममध्येही पटत नाही. एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, सोडलेली चूक हाडात शिरते. परीक्षेच्या आधीच्या महिन्यात मलाही धीर राहत नाही आणि मी चौकोनात एकाऐवजी तीन चुका लिहिते, हेही कबूल करते.

तरीही या वर्षी एक चूक मी जाणूनबुजून तीन आठवडे सांभाळली, तिच्याबद्दल लिहून थांबते. सहावीतल्या एका मुलीने आजी-आजोबांवर लिहिले होते. ‘माय ग्रँडमदर वॉज टॉल. माय ग्रँडफादर वेअर शॉर्ट.’ आजीला ‘वॉज’ आणि आजोबांना ‘वेअर’, पानभर, एकदाही न चुकता. निष्काळजी मुलाचे असे होत नाही, त्याची सरमिसळ होते. ही मुलगी मनातल्या मनात ‘आजी उंच होती, आजोबा ठेंगणे होते’ असे म्हणत लिहीत होती. आजोबांचे आदरार्थी बहुवचन तिने जसेच्या तसे इंग्रजीत नेले होते. मी त्या ‘वेअर’ला हात लावला नाही. समासात एवढेच विचारले: आजोबा किती होते?

वही परत गेली. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या आठवड्यात ती टेबलापाशी आली. “बाई, आजोबा एकच होते. पण ‘वॉज’ लिहिलं तर त्यांना अरेतुरे केल्यासारखं वाटतं.”

मग मी तो तास धड्याला दिला नाही. फळ्यावर ‘यू आर’ लिहिले आणि विचारले, समोर एकच माणूस असला तरी ‘आर’ का? कुणालाच सांगता येईना. सांगितले की पूर्वी इंग्रजीतही एकासाठी ‘दाउ’ होते आणि अनेकांसाठी ‘यू’. मोठ्या माणसाला मान द्यायचा म्हणून एकट्यालाही ‘यू’ म्हणू लागले. तो मान पसरत पसरत सगळ्यांपर्यंत गेला आणि रोजच्या बोलण्यातून ‘दाउ’ गळून पडला. ‘आर’ मात्र अजून ‘यू’बरोबरच आहे.

वर्ग क्षणभर गप्प होता. मग तीच मुलगी म्हणाली, “म्हणजे इंग्रजीत समोरच्या सगळ्यांना अहोजाहो? कुत्र्यालासुद्धा?”

कुत्र्यालासुद्धा, मी म्हटले. तिने जागेवर जाऊन पेन्सिलने ‘वेअर’चे ‘वॉज’ केले, सात ठिकाणी. आठवे तसेच राहिले. ते तिच्या नजरेतून सुटले की तिने आजोबांसाठी ठेवले, हे मी विचारलेले नाही.

आपली,
एक इंग्रजी शिक्षिका
(नाव छापू नये ही विनंती)