मुक्तास पत्र: कुलपाच्या पिकांआधी कानस

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

कुलूप चावीशिवाय उघडायच्या सळ्यांचा, म्हणजे पिकांचा, तीस नगांचा सेट मागवू का, असं विचारलंस. नको. दोन टेन्शन रेंच (कुलपाला फिरवायचा ताण देणाऱ्या वाकड्या पट्ट्या), एक छोटा हूक (टोकाला वाकलेला पिक) आणि एक रेक (नागमोडी टोकाचा पिक) एवढ्यात शिकून होतं, बाकीचे नग डब्यात गंजतात. त्या पैशात पाच पिनांची साधी सिलिंडर कुलपं, प्लग फॉलोअर (प्लग म्हणजे चावीबरोबर फिरणारा गाभा, तो काढताना त्याच्या जागी सरकवायचा दांडा म्हणजे फॉलोअर), टोकदार चिमटा आणि बारीक दातांची गोल कानस घे.

आधी कुलूप खोलून बघ. मागची क्लिप काढ, चावी घालून प्लग साधारण 30 अंश फिरव आणि फॉलोअर मागून टेकवून प्लग पुढे ढकल. प्लग सरळ असताना ढकललास तर वरच्या पिना पुढच्या भोकात उतरतात आणि सगळं अडकतं. फॉलोअर प्लगच्याच व्यासाचा हवा आणि दोघांत फट पडता कामा नये. पडली की पिना-स्प्रिंगा टणाटण उडतात, मग बस शोधत. खालच्या पिना काढताना क्रमाने मांड, त्यांची लांबी चावीच्या खाचांशी ताडून बघ. योग्य चावीने खालची आणि वरची पिन अशा प्रत्येक जोडीचा सांधा प्लगच्या कडेशी येतो. तीच शिअर लाइन.

पिक चालतो तो कारखान्यातल्या किंचित चुकीमुळे. भोकं तंतोतंत एका रेषेत नसतात, म्हणून प्लगला ताण दिला की एकच पिन आधी आवळली जाते. हुकाने ती शोध, टिक होईपर्यंत उचल, मग पुढची आवळलेली. नवशिक्यांचा घोळ जवळजवळ नेहमी रेंचवाल्या हातात असतो: ताण जास्त, त्यामुळे पिना सगळ्याच घट्ट लागतात किंवा खालची पिन रेषेच्या वर जाऊन बसते. बोटाच्या नखाचा रंग बदलला तर जोर जास्त झाला समज. प्लग थोडा जास्तच फिरून थांबला, तर आत कमरेला बारीक असलेली स्पूल पिन आहे. ती उचलताना प्लग उलटा येऊ पाहतो. तेव्हा ताण सैल कर, पण सोडू नको, नाहीतर बसलेल्या पिना खाली येतात.

1851 साली लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज या अमेरिकन कुलूपवाल्याने ब्रामा या इंग्रज कारागिराचं प्रसिद्ध कुलूप उघडलं, त्याला सोळा दिवसांत मिळून 51 तास लागले. गिऱ्हाईक दारात उभं असताना एवढा वेळ कोणी देत नाही. म्हणूनच मी कानशीवर, म्हणजे कोरी चावी घासून कुलपाला चावी बनवण्यावर, जोर देतो.

कोऱ्या चावीची वरची कड आधी घासून गुळगुळीत कर. कुलपात घाल, फिरवल्यासारखा ताण देऊन धर आणि हलकेच वरखाली हलव. बाहेर काढून तिरप्या उजेडात धर: आवळलेल्या पिनेखाली सुईच्या टोकाएवढा ठिपका दिसेल. फक्त तिथेच दोन-तीन हलके हात मार, पुन्हा घाल. ठिपका उमटेनासा झाला की ती खाच पुरी झाली. हावरटपणे एक हात जास्त मारलास तर कोरी चावी फुकट. कोन सपाट ठेव, खोल उभी भिंत झाली की पिन तिथे अडते आणि चावी बाहेर येत नाही. नक्कल करताना मूळ चावी माग. नकलेची नक्कल म्हणजे चुकीत चुकीची भर.

पोट भरेल ते साध्या तक्रारींवर. "कुलूप बिघडलं" म्हणून बोलावतील, तर दार उघडं ठेवून बोल्ट फिरवून बघ. सहज फिरला तर कुलूप ठीक आहे, दार खाली बसलंय किंवा चौकटीची पट्टी सरकलीय. ग्रॅफाइट (वंगणाची कोरडी काळी पूड) घातलेल्या सिलिंडरमध्ये तेल ओतू नको, दोन्ही मिळून चिखल होतो.

सराव स्वतःच्या कुलपांवर, तोही वापरात नसलेल्या. घर उघडून देण्याआधी ते गिऱ्हाइकाचंच आहे याचा पुरावा बघ, कितीही रडवेलं तोंड केलं तरी. पिक जवळ बाळगण्याचा कायदा ठिकाणागणिक वेगळा असतो, आधी तो वाच.

पहिली घासलेली चावी जमली की फोटो पाठव, पण बाजूने, खाचांचे उतार दिसतील असा.

तुझे
बाबा